उपाधी, संभावना आणि परक्याचे फळ

पुढे काय घडेल याविषयी बांधलेला अंदाज खरा ठरला, एवढ्यावरून तो बांधणाऱ्याला त्या गोष्टीचे ज्ञान होते असे म्हणता येते का, आणि ज्ञान होते असे मानले तरी त्या घटनेचे फळ त्याच्या पदरात पडणे न्याय्य ठरते का, हे दोन प्रश्न भारतीय दर्शनांनी वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या कारणांनी हाताळले आहेत. पहिला प्रश्न प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान कशाने सिद्ध होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे, तर दुसरा कर्मसिद्धांताचा. हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे करणारा व्यवहार शोधायचा झाला, तर अमेरिकेत लक्षावधी लोक दर वर्षी ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत ज्यात गुंतलेले असतात त्या फँटसी फुटबॉलकडे पाहावे लागते. वरवर पाहता तो करमणुकीचा प्रकार आहे, आणि एखाद्या शास्त्रीपंडिताने त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु त्यात रोज होणारी विचारप्रक्रिया ही नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ज्या अनुमानावर शतकानुशतके वाद घातला त्याच अनुमानाची आहे.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, ज्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळणे, तो फेकणे आणि झेलणे यांना महत्त्व असते आणि ज्याची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा नॅशनल फुटबॉल लीग या नावाने चालते. फँटसी फुटबॉलमध्ये भाग घेणाऱ्याला मॅनेजर म्हणतात. दहा-बारा मॅनेजर मिळून एक खाजगी लीग तयार करतात, हंगामापूर्वी ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंची आळीपाळीने निवड करतात, आणि मग त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर केलेल्या कामगिरीचे गुण आपापल्या कागदी संघाच्या खात्यात जमा करतात. या पद्धतीचा उगम कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात झाला. तेथील उद्योजक आणि ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये, संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सोबत्यांसह तिचे नियम तयार केले आणि १९६३ मध्ये आठ संघांच्या लीगची पहिली निवड झाली. त्या निवडीत पहिले नाव जॉर्ज ब्लँडा या खेळाडूचे पुकारले गेले. आज प्रचलित असलेल्या गुणपद्धतींपैकी एकीत प्रत्येक झेलाला एक गुण, पळून वा झेलून मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेण्याला, सहा गुण मिळतात. ड्राफ्टचा क्रम बहुधा नागमोडी असतो, म्हणजे पहिल्या फेरीत ज्याची निवड शेवटी त्याची दुसऱ्या फेरीत पहिली.

नावाजलेले खेळाडू कोणते हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे त्यांच्या निवडीत कोणाला फारसा वरचष्मा मिळत नाही. लीग जिंकली जाते ती ब्रेकआउट खेळाडूंवर, म्हणजे ज्यांच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती आणि जे एका हंगामात एकदम पहिल्या पंक्तीत येऊन बसले अशांवर. असा खेळाडू आधी हेरणे हेच या छंदातील मानाचे कसब मानले जाते. त्यासाठी जे अनुमान केले जाते त्याचे नैयायिक पद्धतीने रूप मांडले, तर ते साधारणपणे असे होईल: हा खेळाडू मोठी कामगिरी करील, कारण त्याच्या अंगी गुणवत्ता आहे, जेथे जेथे गुणवत्ता, तेथे तेथे कामगिरी. या शेवटच्या नियमाला न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणतात. अनुमानाची सारी मदार तिच्यावर असते, आणि नेमकी तीच येथे सदोष आहे.

दोष कोणता, हे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तच शिकवले जाते. आथल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेल्या आणि १८९७ मध्ये मुंबईतून निघालेल्या आवृत्तीमुळे हा सतराव्या शतकातील छोटा ग्रंथ महाराष्ट्रातील कॉलेजांत पिढ्यानपिढ्या अभ्यासला गेला. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, परंतु अग्नीवरून धुराचे करता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मात्र नसतो. अग्नीपासून धूर निघायला ओल्या सरपणाचा संयोग लागतो. हे ओले सरपण म्हणजे उपाधी, अर्थात अशी लपलेली अट, की जी साध्याबरोबर, येथे धुराबरोबर, नेहमी असते, पण हेतूबरोबर, येथे अग्नीबरोबर, नेहमी असतेच असे नाही. उपाधी लक्षात न घेता केलेले अनुमान हेत्वाभासात जमा होते, म्हणजे त्यातील कारण हे कारणाचा केवळ भास असते. फँटसी फुटबॉलमधील उपाधी आहे संधी: मैदानावर किती वेळ उतरवले जाते, चेंडू किती वेळा हाती दिला जातो, पास किती वेळा त्या खेळाडूच्या रोखाने टाकला जातो. जेथे कामगिरी आहे तेथे संधी होतीच. जेथे गुणवत्ता आहे तेथे ती असेलच असे नाही.

या संदर्भात तप्त लोहगोळ्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कर्ट वॉर्नर. नॅशनल फुटबॉल लीगच्या १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खऱ्या संघांनी केलेल्या नवोदितांच्या निवडीत, एकाही संघाने त्याला निवडले नाही, ग्रीन बे पॅकर्सच्या सराव शिबिरातून तो बाहेर काढला गेला, आणि त्यानंतर आयोवा राज्यात एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम त्याने केले. पुढे बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या अरीना फुटबॉलमध्ये आणि मग ॲम्स्टरडॅमच्या संघाकडून युरोपात खेळून तो १९९८ मध्ये सेंट लुईस रॅम्समध्ये शिरला, तेही राखीव म्हणून. १९९९ च्या आरंभी क्लीव्हलँड ब्राउन्स या नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाला इतर संघांतील असंरक्षित खेळाडू उचलण्याची मुभा होती. रॅम्सने वॉर्नरला असंरक्षित ठेवले आणि ब्राउन्सनेही त्याला घेतले नाही. ऑगस्टमध्ये सरावसामन्यात रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, ट्रेंट ग्रीन गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला, आणि प्रशिक्षक डिक व्हर्मील यांनी वॉर्नरवर भिस्त ठेवली. त्या हंगामात त्याने ४,३५३ यार्डांचे आणि ४१ टचडाउनचे पास दिले, लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि संघाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. किराणा दुकानातील वॉर्नर आणि सुपर बोलमधील वॉर्नर यांच्यातील गुणवत्तेचे अंतर पाच वर्षांत वाढले असेलही, परंतु जुलै १९९९ आणि सप्टेंबर १९९९ यांच्यातील वॉर्नरमध्ये ग्रीनच्या गुडघ्याखेरीज कोणताच फरक नव्हता. ज्या तज्ज्ञांना रोजच्या रोज त्याचा सराव पाहायला मिळत होता त्यांनाही जे दिसले नाही, ते घरी बसून आकडे चाळणाऱ्या मॅनेजरला दिसायला हवे होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

यावरून जाणकार मॅनेजर जो धडा घेतात तो तर्कदृष्ट्या बिनचूक आहे: खेळाडूकडे पाहण्याआधी जागेकडे पाहावे. संघ सोडून कोण गेला, कोणाचे वय झाले, प्रशिक्षक बदलल्याने पास टाकण्यावर भर येणार की पळण्यावर, अशा गोष्टींची चौकशी म्हणजे ओले सरपण कोठे पडले आहे याचा शोध. मात्र उपाधी आवश्यक असली तरी पुरेशी नसते, हेही त्याच व्याख्येत अनुस्यूत आहे. सरपण कितीही ओले असले तरी अग्नीवाचून धूर निघत नाही. हे दोन पहिल्या सामन्यांची तुलना केली की स्पष्ट होते. २०१९ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सच्या सॅमी वॉटकिन्स याने ९ झेल घेतले, १९८ यार्ड मिळवले आणि ३ टचडाउन केले; वर सांगितलेल्या पद्धतीने त्याचे ४६.८ गुण झाले. त्याच सामन्यात त्याचा सहकारी टायरीक हिल जायबंदी होऊन काही आठवडे बाहेर गेल्यामुळे जागाही मोकळी झाली होती. वॉटकिन्सने उरलेल्या साखळी हंगामात एकही टचडाउन केला नाही. २०२३ च्या पहिल्या सामन्यात लॉस एंजेलिस रॅम्सचा नवखा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, पुका नकुआ याने १० झेल घेऊन ११९ यार्ड मिळवले, टचडाउन शून्य, गुण २१.९. पाचव्या फेरीत, एकूण १७७ व्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू, संघाचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप पहिल्या चार सामन्यांना मांडीच्या दुखापतीने मुकला म्हणून पुढे आला होता. दुसऱ्या सामन्यात त्याने १५ झेल घेतले, कप परतल्यावरही त्याची जागा टिकली, आणि हंगामअखेर १०५ झेल व १,४८६ यार्ड हे दोन्ही आकडे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधील विक्रम ठरले. यार्डांचा आधीचा विक्रम १९६० सालचा होता.

दोघांपैकी ज्याचे गुण दुपटीहून अधिक तो फसवा निघाला आणि ज्याचे कमी तो खरा, यामागे कारण आहे. पहिल्या सामन्यात नकुआच्या रोखाने १५ पास टाकले गेले होते. त्याच्या गुणांचा पाया हा संघाने त्याच्यावर वारंवार टाकलेला विश्वास होता. वॉटकिन्सचे गुण मोजक्या लांब पल्ल्याच्या चालींतून आणि टचडाउनमधून आले होते, आणि टचडाउन ही या खेळातील सर्वांत लहरी गोष्ट आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून दाखवले होते, की असाधारण मापानंतरचे माप सरासरीकडे झुकते. फँटसी फुटबॉलच्या व्यवहारात हाच नियम टचडाउनला लावतात: गेल्या वर्षी यार्डांच्या मानाने फार टचडाउन करणाऱ्याला चढ्या क्रमांकावर घेऊ नये, आणि यार्ड भरपूर पण टचडाउन थोडे अशाची निवड मुद्दाम करावी.

आता मूळ प्रश्न असा, की नकुआला पहिल्या सामन्याआधीच घेऊन ठेवणाऱ्या मॅनेजरला ज्ञान होते काय. मराठीत अशा वेळी कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असे म्हणतात, आणि संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. परंतु योगायोगाने खरे ठरलेले मत हे ज्ञान का नव्हे, याची शास्त्रीय चिकित्सा बाराव्या शतकात श्रीहर्ष यांनी ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात केली. एका माणसाने मुठीत कवड्या धरून किती असे विचारले आणि दुसऱ्याने पाच असे सहज ठोकून दिले, आणि त्या खरोखरच पाच निघाल्या, तर मत यथार्थ आहे, म्हणजे वस्तू जशी आहे तसे आहे, परंतु त्याला कोणी प्रमा, अर्थात प्रमाणभूत ज्ञान म्हणणार नाही. श्रीहर्षांचा उद्देश ज्ञानाच्या सर्वच व्याख्या खिळखिळ्या करण्याचा होता, आणि त्यासाठी त्यांनी जुगारासारख्या खेळातील उदाहरण निवडावे हे लक्षणीय आहे. नकुआला दुसऱ्या सामन्याआधी, १५ पासांची नोंद पाहून घेणाऱ्याच्या हातात निदान एक हेतू होता. त्याच्याही आधी, कपच्या दुखापतीची बातमी वाचून घेणाऱ्याला उपाधीचा सुगावा लागला होता. आणि हंगामापूर्वी शेवटच्या फेरीत नाव आवडले म्हणून घेणाऱ्याची गत कवड्या सांगणाऱ्यासारखी होती. दुसऱ्या सामन्यापासून तिघांच्या खात्यात जमा झालेले गुण मात्र सारखेच, आणि लीग संपल्यावर फुशारकी मारण्यात बहुधा तिसराच पुढे असतो.

उलट बाजूचे उदाहरण याहून अवघड आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री हा बहुतेक सर्व लीगांत पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मानला गेला. गुणवत्ता सिद्ध होती, संधी खात्रीची होती, आधीचा हंगाम अव्वल होता. तरी दुखापतींमुळे तो त्या हंगामात चारच सामने खेळू शकला. आधुनिक वाचक म्हणेल की निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला. नैयायिक हे सहज मान्य करणार नाही, कारण त्याच्या मते निष्कर्ष खोटा ठरला तर हेतूत कोठेतरी दोष असलाच पाहिजे. निर्दोष अनुमान आणि खोटा निष्कर्ष ही जोडी त्याच्या शास्त्रात बसत नाही. मग मॅनेजरपाशी जे असते त्याला काय नाव द्यावे? न्यायशास्त्रातच त्यासाठी संभावना ही संज्ञा आहे: असा संशय, की ज्याच्या दोन बाजूंपैकी एक बाजू अधिक जड असते. संभावना ही संशयाचीच पोटजात आहे, ज्ञानाची नव्हे.

येथे चार्वाकाचा पक्ष आठवतो. चार्वाकाचे म्हणणे असे, की भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व उदाहरणे पाहिल्याखेरीज व्याप्ती ठरत नाही, आणि अदृश्य उपाधी नाहीच असे कधी छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे. लोक व्यवहार करतात तो निव्वळ संभावनेवर, आणि काही वेळा तो फळतो इतकेच. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. भविष्यात काही वेगळे घडेल ही शंका घ्यायलाही भविष्यकाळ अनुमानानेच मानावा लागतो, आणि शंका स्वतःच्या कृतीशी विसंगत होऊ लागली की तिला थांबावे लागते. धूर हवा असणारा मनुष्य शेवटी अग्नीच पेटवतो. स्वयंपाकघराच्या चुलीपुरते उदयनांचे उत्तर निरुत्तर करणारे आहे. परंतु ज्या क्षेत्रात एका हंगामाला एक संघ १७ सामने खेळतो, एखाद्या खेळाडूची कारकीर्द मोजक्या वर्षांत आटोपते आणि प्रत्येक हंगामात उपाधी बदलतात, तेथे चार्वाकाचे वर्णनच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे असे म्हणावे लागते. तिसऱ्या वर्षी रिसीव्हर हमखास बहरतो असा एक दंडक या छंदात दीर्घकाळ सांगितला जात असे. नकुआ पहिल्याच वर्षी बहरला, आणि दंडक सांगणारे नवा दंडक शोधू लागले.

व्यूहरचना, म्हणजे ड्राफ्टचे धोरण, ही या कबुलीतूनच जन्मते. ज्याला भविष्य कळते त्याला धोरण लागत नाही. खेळाडूचे मूल्य त्याच्या एकूण गुणांत न मोजता, त्या जागेवर फुकट मिळू शकणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती अधिक देतो यात मोजावे, हे त्यातील पायाभूत तत्त्व. बारा मॅनेजरांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक उतरवायचा असेल, तर तेरावा क्वार्टरबॅक कोणाच्याही उपयोगाचा नसतो आणि सहज मिळतो. म्हणून सर्वाधिक गुण मिळवणारा क्वार्टरबॅकही पहिल्या फेरीत घेणे बहुधा तोट्याचे ठरते, तर चेंडू घेऊन पळणारा चांगला रनिंग बॅक दुर्मीळ असल्याने कमी गुणांतही महाग पडतो. बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या परिभाषेत या व्यवहारातील खेळाडू निःस्वभाव असतो: त्याचे मोल इतरांच्या असण्यानसण्यावर ठरते आणि इतर बाजूला काढले तर हाती काहीच उरत नाही. दुसरे एक धोरण झीरो आरबी, म्हणजे शून्य रनिंग बॅक, या नावाने ओळखले जाते. रनिंग बॅकना दुखापती फार होतात, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांत ते घेऊच नयेत, रिसीव्हरांची फळी भक्कम करावी आणि शेवटी अनेक संघांचे राखीव रनिंग बॅक स्वस्तात गोळा करावेत; हंगामात मुख्य रनिंग बॅक जसजसे पडत जातील तसतसे हे राखीव वर येतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे धोरण मोहक आहे, कारण त्यात कोण चमकेल याचे भाकीत करण्याचा मोह सोडून दिलेला असतो आणि कोणीतरी पडेल एवढ्या जवळपास निश्चित गोष्टीवर भर दिलेला असतो. त्यातील नैतिक गोम पुढे येईलच.

दुसरा प्रश्न फळाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी त्यांचे विस्ताराने विवरण केले आहे. एका झेलाला ही पाचही लागू पडतात. देह रिसीव्हरचा, कर्ता तो, साधने त्याची आणि क्वार्टरबॅकची, हालचाली साऱ्या संघाच्या, आणि वारा, पंचांचा निर्णय, प्रतिस्पर्ध्याचा घसरलेला पाय हे दैव. या पाचांत मॅनेजरला जागा नाही. म्हणूनच कर्मण्येवाधिकारस्ते हा श्लोकार्ध खेळाविषयीच्या लिखाणात जितक्या सढळ हाताने वापरला जातो तितका तो येथे गैरलागू आहे, कारण मॅनेजरचे कर्मच मैदानावर नसते आणि फळ मात्र त्याला हवे असते. कर्मसिद्धांताच्या चर्चेत ज्या दोन आपत्ती सर्वच पक्ष टाळू पाहतात त्या म्हणजे कृतहानी, केलेल्याचे फळ न मिळणे, आणि अकृताभ्यागम, न केलेल्याचे फळ पदरात पडणे. बौद्धांच्या क्षणिकवादावर हाच आक्षेप घेतला गेला, की कर्ता क्षणात नाहीसा होत असेल तर फळ भलत्यालाच मिळेल. फँटसी फुटबॉल हा अकृताभ्यागमावरच हेतुपूर्वक उभारलेला खेळ आहे.

परक्याच्या कर्माचा वाटा घेण्याला धर्मशास्त्रात आधारच नाही असे नाही. प्रजेच्या पुण्याचा सहावा भाग राजाला मिळतो असे स्मृती सांगतात, परंतु तो रक्षणाचा मोबदला असतो. मॅनेजर खेळाडूचे रक्षण करीत नाही, त्याला शिकवत नाही, त्याचे वेतनही देत नाही. नकुआला १७७ व्या क्रमांकावर निवडणाऱ्या रॅम्सच्या पारख्यांचा दावा वेगळा, कारण त्यांच्या पारखीने एका माणसाचे आयुष्य बदलले. मॅनेजरच्या पारखीने खेळाडूच्या बाबतीत तिळभरही फरक पडत नाही, त्याला तिची खबरही नसते. गुणग्राहकता हा गुण मानला, तरी तो गुणिजनाच्या काही कामी यावा अशी अपेक्षा त्यामागे असते.

कर्ट वॉर्नरने स्वतः आपल्या यशाचे श्रेय जाहीरपणे येशूला दिले, आणि अमेरिकेतील श्रद्धाळू ख्रिस्ती समाजात त्याची कथा ईश्वरी योजनेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ही श्रद्धा प्रामाणिक आहे यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु योजना मानली तर ट्रेंट ग्रीनचा गुडघाही योजनेतच येतो, आणि त्या गुडघ्याने कोणाचे काय भले केले याचे उत्तर द्यावे लागते. पूर्वकर्म मानणाऱ्या दर्शनांना हा पेच तेवढा तीव्रतेने जाणवत नाही, कारण ग्रीनची दुखापत ग्रीनच्या खात्यातली आणि वॉर्नरची संधी वॉर्नरच्या. पण तेथेही एका घटनेत दोघांची कर्मे एकाच क्षणी फळाला आली हा मेळ कोणी घातला, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि नैयायिकांना ईश्वराची गरज वाटली ती काही अंशी याच ठिकाणी.

कौशल्य आणि दैव यांतील सीमारेषा न्यायालयांनाही आखावी लागली आहे. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने ऑनलाइन जुगाराच्या पैशांवर निर्बंध आणताना फँटसी स्पर्धांना वगळले, परंतु अट घातली की निकाल स्पर्धकांच्या ज्ञानाचा व कौशल्याचा निदर्शक असावा आणि तो एकाच संघाच्या वा एकाच खेळाडूच्या एकट्या कामगिरीवर अवलंबून नसावा. कायदेमंडळाने नकळत चार्वाकाला अर्धी मान्यता दिली असे म्हणता येईल, कारण एकेका भाकितात ज्ञान सापडत नाही, ते सापडलेच तर अनेकांच्या बेरजेत सापडते, हे त्यात गृहीत आहे. भारतात शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवरील मुंबई राज्याच्या कायद्यातून उद्भवलेल्या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्यात मोडतात असे ठरवले, आणि त्याच धाग्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये व मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम ११ च्या फँटसी स्पर्धा जुगार नव्हेत असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हा भेदच बाजूला सारला: खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा, पैसे लावून खेळला की तो निषिद्ध. सात दशके ज्या प्रश्नाचा कीस पाडला गेला तो सुटला नाही, कायद्यापुरता अप्रस्तुत झाला.

पैसा वजा केला तरी एक गोष्ट उरते, आणि ती दुखापतीची आहे. वॉर्नर, नकुआ, आणि जखमी ड्रू ब्लेडसोच्या जागी २००१ मध्ये उतरलेला, ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी, या तिघांच्याही उदयाची उपाधी दुसऱ्या कोणाच्या शरीरात घडली. पातंजल योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कृत म्हणजे स्वतः केलेली, कारित म्हणजे करविलेली, आणि अनुमोदित म्हणजे जिला मनाने संमती दिली ती. जैन आचारशास्त्रही हीच त्रयी मानते. मॅनेजर पहिल्या दोहोंपासून पूर्ण मुक्त असतो. तिसरीविषयी मात्र २ जानेवारी २०२३ च्या रात्री अनेकांना विचार करावा लागला. सिनसिनाटी येथे बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्या सामन्यात पहिल्याच सत्रात बिल्सचा बचावपटू डमार हॅम्लिन एका धडकेनंतर उठून उभा राहिला आणि कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले, सामना थांबला आणि पुढे रद्द झाला. हॅम्लिन बरा झाला आणि नंतर खेळलाही. परंतु तो आठवडा हंगामातील सतरावा होता, बहुतेक फँटसी लीगांची अंतिम लढत त्याच आठवड्यात असते, आणि या एका सामन्यात जोश ॲलन, स्टेफॉन डिग्स, जो बरो, जामार चेस असे गुणांचे राजे उतरलेले होते. अनेक लीगांचे विजेतेपद अधांतरी राहिले. काही ठिकाणी दोघांना संयुक्त विजेते ठरवले गेले, काही ठिकाणी जमलेल्या गुणांवरच निकाल लावला गेला. एखाद्या मॅनेजरच्या मनात त्या घटकेला उरलेल्या गुणांचा हिशेब चमकून गेला असेल, तर त्याला संमती म्हणावे की सवय, हे ठरवणे त्यालाही सोपे गेले नसेल.

धोरणाच्या पातळीवर हा भेद अधिक स्पष्ट करता येतो. आपल्याच मुख्य रनिंग बॅकचा राखीव आपल्याकडे घेऊन ठेवण्याला हँडकफ म्हणतात. त्यात दुखापतीची इच्छा नसते, उलट ती झाल्यास होणारे नुकसान भरून काढण्याची तरतूद असते, आणि विमा उतरवणाऱ्याला कोणी आगीचा अनुमोदक म्हणत नाही. झीरो आरबीचे धोरण ऑगस्टमध्येच या हिशेबावर रचलेले असते, की इतरांचे मुख्य रनिंग बॅक पडतील आणि आपले राखीव वर येतील. तेथे भरून काढायचे स्वतःचे नुकसान नसते, परक्याची हानी हाच नफ्याचा स्रोत असतो आणि तिची वाट पाहिली जाते. पतंजलींनी हिंसेला लोभ, क्रोध वा मोह यांपासून निघालेली आणि मृदू, मध्य वा तीव्र अशीही विभागली आहे, आणि व्यासभाष्यात या सर्वांच्या पोटभेदांचा गुणाकार ८१ प्रकारांपर्यंत नेला आहे. वाट पाहणाऱ्या मॅनेजरची जागा त्यांत लोभपूर्वक, अनुमोदित आणि मृदू अशा प्रकारात, म्हणजे गणनेच्या अगदी सौम्य टोकाला लागते. गणनेतून तो सुटत मात्र नाही.